थांबलेल्यांना फोन करणाऱ्या सुमनताई

डॉ. सुमनताई आठल्ये यांची आणि माझी पहिली भेट आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर झाली. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाविषयी त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी अधिकाराने लिहितीलच. मला तो अधिकार नाही. मी डेट्रॉइटजवळ नोव्हाय येथे राहतो आणि मोटारींच्या ब्रेकच्या चाचण्या घेण्याचे काम करतो. लेखनाची सवय नाही. परंतु माणूस व्यायामाला सुरुवात का करतो, तो मध्येच का सोडतो आणि सोडलेला पुन्हा केव्हा धरतो, हा जो सुमनताईंचा आयुष्यभराचा अभ्यासविषय, तो माझ्या घरात सहा वर्षे राहायला होता. माझी पत्नी कुसुम गेल्या वर्षी वारली. तिच्या त्या सहा वर्षांविषयी लिहिले तर ते सुमनताईंविषयीच होईल, असे संपादकांना वाटले, आणि मलाही तसेच वाटते.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षे झाली होती. त्या दिवसांत अमेरिकेत व्यायामाची मोठी लाट होती. रस्त्याने जॉगिंग करणारे दिसत, टीव्हीवर घट्ट कपड्यांतल्या तरुण मुली गाण्याच्या तालावर हातपाय हलवायला शिकवत, त्यांच्या कॅसेटी घरोघरी होत्या. आमच्याकडेही एक होती. आम्ही ती चहा पिता पिता पाहत असू. अशातच कुसुमला हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की औषधांइतकेच हिचे रोजचे चालणे महत्त्वाचे आहे. ते झाले नाही तर आपण दुसऱ्या झटक्याची वाट पाहत बसल्यासारखे होईल.

ते वाक्य मी घरी आणले आणि त्याचा आलेख केला.

आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर मिनिटे. किती चालायला हवे त्याची लाल रेघ आणि किती चालली त्याची निळी. तो कागद मी फ्रिजच्या दारावर लावला. कुसुम सुरुवातीला रुग्णालयातल्या व्यायामवर्गाला तीन वेळा गेली आणि नंतर जाईना. "अहो, सगळ्यांसमोर त्या सायकलवर बसून पाय मारायचे, आणि भिंतभर आरसे," एवढेच कारण ती सांगे. मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर विचारायचो, "आज किती?" ती म्हणायची, "लिहा दहा." ते दहा खरे नाहीत हे दोघांनाही ठाऊक असे. आमची मुलगी नीला कॉलेजातून सुट्टीला आली होती. फ्रिजवरचा कागद पाहून ती म्हणाली, "बाबा, शी इज नॉट अ टेस्ट कार."

"टेस्ट कार ऐकते तरी," मी म्हणालो.

अशा परिस्थितीत एका शनिवारी सुमनताईंचा फोन आला. त्या त्याच रुग्णालयाच्या हृदयरुग्ण विभागात मानसशास्त्रज्ञ होत्या. "येणं बंद केलेल्यांच्या यादीत ओक नाव बघितलं," त्या म्हणाल्या. "मी सुमन आठल्ये. मूळची सांगलीची. चहाला आले तर चालेल का?"

बुटक्या, काठापदराची साडी, वर जाड ओव्हरकोट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अशा त्या आल्या. स्वयंपाकघरात शिरताच त्यांची नजर फ्रिजवर गेली.

"हे कुणाचं?"

"कुसुमचं," मी म्हणालो.

"काढलं कुणी?"

"मी."

"लाल रेघ कुणी ठरवली?"

"डॉक्टरांनी. म्हणजे, रोज चाला असं ते म्हणाले. मिनिटं मी काढली."

"मग यात कुसुमताईंचं काय आहे?"

कुसुम गॅसपाशी पाठमोरी उभी होती. "निळी रेघ माझी," ती म्हणाली. "ती जमिनीवर लोळतेय ना, ती."

सुमनताई मोठ्याने हसल्या, आणि पाठोपाठ कुसुमही हसली. झटक्यानंतर तिला हसताना मी प्रथमच पाहिले. नंतर तासभर त्या दोघी सांगलीविषयी, नागपूरच्या संत्र्यांविषयी आणि इथल्या नारळांना वास कसा नसतो याविषयी बोलत राहिल्या. हृदयाचे नाव नाही. मी मनात म्हटले, ही बाई कामाचे केव्हा बोलणार? उठता उठता त्यांनी कुसुमला विचारले, "काल दिवसभरात काय काय केलंत?" कुसुमने सांगितले. त्यात बहिणीचे पत्र आले आहे का हे बघायला कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन आल्याचे निघाले. ते मला माहीतही नव्हते आणि माझ्या आलेखातही नव्हते.

"मग चालता की तुम्ही," सुमनताई म्हणाल्या. "त्याच्यापुढे किती मिनिटं जमतील?"

"दहा."

"पाच. आणि पाच झाल्यावर आणखी जमतंय असं वाटलं, तरी परत फिरायचं."

मला हे सरळ चुकीचे वाटले. क्षमता आहे तर ती कमी का वापरायची? त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी तसे बोललोही. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "माणूस दमून घरी आला तर दुसऱ्या दिवशी त्याला ते दमणं आठवतं. थोडी हौस शिल्लक ठेवून आला तर ती हौस आठवते." फ्रिजवरचा कागद काढा असे त्या कुणालाच म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी कुसुमनेच तो काढला आणि त्यावर भाजी निवडली.

ही सुमनताईंची कामाची पद्धत होती. तिचे वर्णन त्यांच्या प्रबंधांत मोठ्या शब्दांत आले असेल. मला ती अशी दिसली: उद्या काय करणार हे त्या सहसा विचारत नसत, काल काय केले हे विचारत. आपले मराठी लोक डॉक्टरांपुढे आदरापोटी खोटे बोलतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. "हो हो, रोज चालतो," असे कुणी म्हणाले की त्या मान डोलवून विचारत, "वाटेत काय काय लागतं?" वाटेतले काही सांगता आले नाही तर माणूस चाललेला नाही. पण त्यावरून त्यांनी कुणाला पकडल्याचे मला आठवत नाही. त्या फक्त विषय बदलून त्याच्या घरच्यांची चौकशी करू लागत, आणि बऱ्याचदा खरे कारण तिथेच सापडे.

त्यांना स्वतःला व्यायामाची आवड असावी, असा सर्वांचा समज असे. पेडणेकरबाई म्हणून कुसुमच्या एक मैत्रीण होत्या. त्यांनी एकदा विचारले, "सुमनताई, तुम्हांला चालण्याची हौस पहिल्यापासूनच का हो?"

"मला? मला मुळीच आवडत नाही चालायला," सुमनताई म्हणाल्या. "शाळेत पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बाकावर बसायची मी. बाई म्हणायच्या, सासरी जाशील तेव्हा कळेल."

"मग या विषयात कशा आलात?"

"ज्यांना आवडतं ते कशाला हा विषय घेतील? त्यांना प्रश्नच पडत नाही."

रुग्णालयात त्यांनी एकदा जाहीर व्याख्यान दिले, त्याला मी गेलो होतो. त्यांच्या एका सहकाऱ्याने, जे रुग्ण व्यायाम सोडतात त्यांना उद्देशून, सूचना न पाळणारे असा शब्द वापरला. सुमनताई आवाज न चढवता म्हणाल्या, की हा शब्द मी माझ्या कागदांत लिहीत नाही. ते आले, त्यांनी करून पाहिले आणि आपण त्यांना पुन्हा येण्याचे कारण देऊ शकलो नाही, एवढेच खात्रीने सांगता येते. "सुरुवात करणाऱ्यांना टाळ्या वाजवायला पुष्कळ जण आहेत," त्या म्हणाल्या. "माझा माणूस चौथ्या आठवड्यातला. त्याच्याकडे कुणी बघत नसतं." त्यांच्या टेबलाच्या खणात येणे बंद केलेल्यांची एक यादी असे, आणि रोज दुपारी जेवणानंतर त्यातल्या दोघा-तिघांना त्या स्वतः फोन करत. का आला नाहीत, हे विचारायला नव्हे. नुसते कसे आहात म्हणून. आमच्या घरचा फोन त्याच यादीतून वाजला होता.

मिशिगनच्या हिवाळ्यात बाहेर चालणे शक्य नसते. रस्त्यावर बर्फ, आणि हृदयाच्या रुग्णाला थंड वारा सोसत नाही. तेव्हा आमच्या भागातल्या मोठ्या मॉलचे दार दुकाने उघडण्याच्या आधी तासभर चालणाऱ्यांसाठी उघडले जाई. सुमनताईंनी आठवड्यातून तीन सकाळी तिथे जमायची पद्धत पाडली. हे रुग्णालयाचे काम नव्हते. कामावर जाण्यापूर्वीचा त्यांचा स्वतःचा वेळ होता. सातआठ मराठी बायका, साड्यांवर कोट, पायात स्पोर्ट शूज, बंद दुकानांच्या काचांसमोरून गप्पा मारत फिरत आहेत, हे दृश्य इथल्या लोकांना नवीन होते. पहिल्या दिवशी कुसुम मला म्हणाली, "लोक बघतील." दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "लवकर चला, पेडणेकरबाईंच्या सुनेचं अर्धंच ऐकून झालंय." कुसुम गाडी चालवत नसे. मी तिला सोडायचो आणि पार्किंगमध्ये गाडीत पेपर वाचत बसायचो. वर्षभरात ती न थांबता पाऊण तास चालू लागली. डॉक्टर खूश होते. मी तर फारच खूश होतो, आणि त्यातूनच पुढची चूक घडली.

ती चूक माझी होती, म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

मी तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या समितीत होतो. गणेशोत्सवाच्या बैठकीत मी सूचना मांडली, की उन्हाळ्यापासून उत्सवापर्यंत मॉलमध्ये जी सर्वांत जास्त फेऱ्या मारील तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. इतरांना प्रोत्साहन मिळेल. सेक्रेटरी देवधरांना कल्पना फार आवडली. सुमनताईंना मुद्दाम बैठकीला बोलावले होते.

"करू नका," त्या म्हणाल्या.

"अहो ताई, सत्कार नको म्हणणारं मराठी माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय," देवधर म्हणाले.

"आत्ता त्या गप्पांसाठी येतात आणि चालणं आपोआप होतं. तुम्ही चालण्याला बक्षीस लावलंत की त्या बक्षिसासाठी येतील. मग बक्षीस झाल्यावर?"

"झाल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा देऊ यार," समितीतला एक तरुण सभासद म्हणाला. सगळे हसले. मतदान झाले. सुमनताईंच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. त्यांनी वाद घातला नाही. "ठीक आहे. पण फेऱ्या मोजायला मला सांगू नका," एवढेच म्हणाल्या.

मोजायचे काम अर्थातच मी घेतले. गाडीत बसणे सोडून मी आत, मधल्या कारंज्याजवळच्या बाकावर वही घेऊन बसू लागलो. दोन आठवड्यांत तिथली हवा बदलली. बायका जोडीने चालेनाशा झाल्या, कारण जोडीदारीण हळू चालली तर आपली फेरी बुडते. "ओक, माझी एक राहिली हं लिहायची." "ओक, त्यांनी खाण्याच्या दुकानांमधून आडवं कापलं, ती अर्धीच धरा." पेडणेकरबाईंचे गुडघे दुखत, त्या मागे पडल्या आणि मग यायच्याच बंद झाल्या. कुसुम आता एकटी, पुढे बघत, झपझप चालत असे. दर फेरीला ती बाकासमोरून गेली की मी आकडा लिहायचो आणि विचारायचो, "दम नाही ना लागला?"

कुसुमच पहिली आली. शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात, आरतीनंतर, तिला शाल पांघरण्यात आली. मी फोटो काढले. सुमनताई पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी मी तिला हाक मारली. "कुसुम, सात वाजले."

"आज नको."

बुधवारीही नको. शुक्रवारी म्हणाली, "मिळाली ना शाल तुम्हांला? झालं की आता." तीन आठवडे ती घराबाहेर पडली नाही. डॉक्टरांचे ते वाक्य मला पुन्हा ऐकू येऊ लागले. चौथ्या आठवड्यात, निदान इतर कुणी येत असेल तर तिला सांगावे, म्हणून मी एकटाच मॉलमध्ये गेलो. आमच्या बायकांपैकी तिथे कुणीही नव्हते. लांबवर सुमनताई, कोट घातलेल्या, बंद दुकानांसमोरून एकट्याच चालत येत होत्या. ज्यांना चालण्याचा कंटाळा, त्या.

"ताई, तुम्ही एकट्याच?"

"हो. महिना झाला," त्या म्हणाल्या. "कुणी आलंच परत, तर इथं कुणीतरी असायला हवं ना."

मी सांगितलेच होते, असे एका शब्दाने त्या म्हणाल्या नाहीत. आजतागायत म्हणालेल्या नाहीत. हा ग्रंथ काढायचे ठरले तेव्हा मात्र त्यांनी देवधरांना हसत बजावले, की "बघा हं, माझा सत्कार केलात तर मीही थांबेन." त्यावर देवधरांनी कान पकडले, आणि मग ग्रंथाला परवानगी मिळाली.

त्याच आठवड्यात त्या आमच्या घरी आल्या. कुसुम, त्या आणि मी, तिघेच होतो. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, "कुसुम, पहिल्या वर्षी तुला तिथे काय आवडायचं?"

"काही नाही हो. असंच."

"असंच म्हणजे?"

"पेडणेकरबाईंच्या गोष्टी. कोपऱ्यावरच्या दुकानातला तो माणूस पुतळ्यांचे कपडे बदलायचा, ते बघायचं. एकदा त्यानं पुतळीला हात उलटे बसवले होते." तिने माझ्याकडे पाहिले नाही. "आणि तेवढा पाऊण तास, दम लागतोय का म्हणून मला कुणी विचारायचं नाही."

सुमनताईंनी कुसुमला आणखी काही विचारले नाही. माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "माधवराव, रागावू नका. तुम्ही येऊ नका तिथं."

"मग ती जाणार कशी? तिला गाडी येत नाही."

"हं," त्या म्हणाल्या, आणि कुसुमकडे बघत राहिल्या.

"ताई, माझं वय बघा हो," कुसुम म्हणाली.

"मी कुठे काय म्हणाले?"

चार दिवसांनी कुसुमने मला वाहनपरवान्याच्या नियमांची पुस्तिका आणायला सांगितली. मी शिकवतो म्हणालो. सुमनताई फोनवर म्हणाल्या, "जन्मभर ब्रेकवर काम केलेल्या माणसाकडून गाडी शिकू नये गं." रविवारी दुपारी, चर्च सुटल्यानंतर रिकाम्या झालेल्या पार्किंगमध्ये, त्यांनी स्वतःच्या जुन्या गाडीवर कुसुमला शिकवले. त्यांचे यजमान तेव्हा आजारी असत, घरचे सगळे त्यांच्यावर होते, तरी त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. पहिल्या परीक्षेत कुसुमने गाडी मागे घेताना खांब पाडला. दोघी हसत घरी आल्या. दुसऱ्या वेळी ती पास झाली. परवान्यावरचा तिचा फोटो चांगला नाही, पण ती तो सर्वांना दाखवी.

ती पहिल्यांदा एकटी निघणार, त्याच्या आदल्या दिवशी सुमनताईंनी मला फोन केला. "तुम्ही त्या वेळात काय करणार?"

"काळजी न करण्याचा प्रयत्न करीन."

"तसं होत नाही. नुसती एक सवय काढून टाकता येत नाही, त्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. काहीतरी हातानं करायचं ठरवा."

मी पोहे करायचे ठरवले. बाहेर बर्फ पडत होता. गाडी रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि मी कांदा चिरायला घेतला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी पोहे केले नव्हते. दीड तासाने गाडीचा आवाज आला. कुसुम लाल नाकाने आत आली, कोट काढला, पोह्यांचा एक घास घेतला. तिची नाडी बघावी असे मला वाटत होते. मी हात मागे घेतला.

"मीठ राहिलंय," ती म्हणाली. आणि मग, "पेडणेकरबाई आल्या होत्या."

त्यानंतर ती जवळजवळ पाच वर्षे चालली. सगळे दिवस सारखे नव्हते; मध्ये आजारपणे झाली, कंटाळ्याचे आठवडे आले. पण थांबली तरी ती पुन्हा जायची, आणि मला त्याचा आकडा सांगत नसे. मीही विचारत नसे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळचा तो वेळ तिचा होता. त्या वेळात ती काय करते, हे मला ती गेल्यानंतर कळले.

तिला दुसरा झटका गेल्या वर्षी आला आणि त्यात ती दोन दिवसांत गेली. अंत्यविधीला बरीच माणसे आली होती. त्यांतल्या पाच-सहा बायकांना मी ओळखत नव्हतो. एक गुजराती होत्या, एक तेलुगू, आणि मार्गारेट नावाच्या एक वयस्क अमेरिकन बाई. प्रत्येकीने साधारण एकच गोष्ट सांगितली: आजारानंतर मी व्यायाम सोडला होता. एक दिवस कुसुमचा फोन आला, कशा आहात म्हणून. मग ती मला गाडीतून न्यायला येऊ लागली. सुमनताईंनी त्या त्या रुग्णाची परवानगी घेऊन काही नावे कुसुमकडे दिली होती. माझ्या घरातल्या फोनवरून, मी कामावर असताना, माझी पत्नी हे काम करत होती. त्या दिवशी माझे दुःख फार मोठे होते, पण त्या बायकांच्या समोर मी मान ताठ ठेवून उभा राहिलो.

काही दिवसांनी मी कुसुमच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी जुने आणि नवे कागद समोर ठेवून सांगितले, की पहिल्या झटक्यातच हृदयाचे पुष्कळ नुकसान झाले होते. त्या हृदयावर ती इतकी वर्षे, इतकी हिंडती-फिरती राहील, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. मी घरी आलो आणि पहिला फोन सुमनताईंना केला. हे त्यांचे यश आहे आणि ते त्यांना कळायला हवे, असे मला वाटले. डॉक्टरांचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. त्या रडत आहेत हे मला उशिरा समजले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना ऐकले नव्हते.

मग त्या म्हणाल्या, "हे कुसुमनं केलं, माधवराव. आणि त्यात तुमचंही आहे. तुम्ही घरी बसलात. एवढं अवघड काम मला अजून दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला शिकवता आलेलं नाही."

माझ्या नोकरीत मला दोन-तीन प्रशस्तिपत्रे मिळाली आहेत. ती कुठे ठेवली आहेत ते मला आठवत नाही. हे वाक्य मी रोज आठवतो.

सुमनताई आता नोकरीतून निवृत्त होत आहेत, पण यादीवरचे फोन चालू ठेवणार आहेत असे कळते. तरुण संशोधक त्यांच्याकडे शिकायला येतात. त्यांना सुमनताई रुग्णालयात कमी आणि मॉलमधल्या बाकावर जास्त शिकवतात. कुसुमच्या गाडीतून जाणाऱ्या बायकांपैकी दोघींनी या वर्षी परवाने काढले. ही बातमी सुमनताईंना कळवायचा मान मला मिळाला.

कुसुम आजारी पडली तेव्हा मी डॉक्टरांना विचारले होते, हिला आणखी किती वर्षे? त्याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. सुमनताईंनी तो प्रश्न कधी विचारला नाही. आज सकाळी हिला उठावेसे का वाटेल, एवढेच त्या पाहत राहिल्या, आणि तेवढ्यावर माझ्या घरात सहा वर्षे उभी राहिली. म्हणून त्यांच्यासाठी मीही वर्षांचा आकडा मागत नाही. परमेश्वर त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य देवो, त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, आणि ज्यांच्या ओढीने सकाळी घराबाहेर पडावे अशी माणसे त्यांच्या वाटेवर नेहमी असोत. त्या माणसांत एक नाव आमच्या घरचे होते, याचा मला अभिमान आहे.

— माधव ओक, नोव्हाय, मिशिगन